फोटोच्या कडेचा हात

शनिवारी सकाळी मावशी केर काढत होत्या आणि शाळेच्या ॲपवर फोटो टाकायची मुदत दहाची होती. पंधरवडा श्रमप्रतिष्ठेचा. मूल घरात एखादं काम करत असताना पालकांनी फोटो काढायचा, खाली दोन ओळींचा अभिप्राय लिहायचा, असं ठरलेलं. मी मुलाला गॅलरीतून आत बोलावलं आणि मावशींना म्हटलं, "एक मिनिट झाडू द्या हो." त्यांनी दिला. तो वाकून उभा राहिला, मी दोन फोटो काढले. "झालं?" असं विचारून त्याने झाडू परत केला आणि बॅट घेऊन खाली पळाला. मावशी जिथे थांबल्या होत्या तिथूनच, सोफ्याच्या कोपऱ्यापासून, पुन्हा केर काढू लागल्या. फोटो टाकायला घेतला तेव्हा दिसलं की उजव्या कडेला मावशींचा हात आलाय. झाडू परत घ्यायला पुढे केलेला. मनगटात दोन हिरव्या बांगड्या, बोटांच्या पेरांवर भांड्यांच्या साबणाने पडलेल्या बारीक चिरा. मी अंगठ्याने फोटोची कड आत सरकवली आणि तो हात बाहेर गेला. खाली लिहिलं, 'त्याला घरकामाची गोडी लागते आहे.' दहाला पाच कमी असताना फोटो गेला, सव्वादहाला टीचरकडून स्टार आला.

संध्याकाळी मुलाने माझ्या फोनवर तो फोटो पाहिला. पाचवीतलं पोर, त्याला सगळं दिसतं. "इथे मावशींचा हात होता ना?" म्हणाला. मी म्हटलं, "फ्रेममध्ये बसत नव्हता."

तो "बरं" म्हणाला आणि गेला. त्याचं ते "बरं" मला अजून ऐकू येतं.

हे असले उपक्रम मला नकोसे वाटतात असं मुळीच नाही. उलट गेल्या वर्षी शाळेने हा ऑनलाइन कार्यक्रम सुरू केला तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं. पालकांच्या ग्रुपवर एरवी काय चालतं? सहामाहीचा पोर्शन, वह्यांची कव्हरं, स्कॉलरशिपचा क्लास कोणाकडे लावायचा. त्यात पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं की मूल माणूस म्हणून कसं वाढतंय. दर पंधरवड्याला एक मूल्य, मुलांसाठी छोटा व्हिडिओ, आमच्यासाठी एक कृती आणि महिन्यातून एकदा रात्री साडेआठला पालकांची ऑनलाइन बैठक. रागाच्या पंधरवड्यात आमच्या घरी खरंच काहीतरी हललं होतं. राग आला की आधी पाणी प्यायचं, हे मुलाने त्या व्हिडिओतून उचललं आणि एकदा मी त्याच्यावर ओरडत असताना गुपचूप पेला भरून माझ्यासमोर आणून ठेवला. मी प्यायले. दोघेही हसलो. तेव्हा फोटो काढायचं सुचलंसुद्धा नव्हतं.

त्या बैठका मात्र वेगळ्या. पडद्यावर चाळीसेक चौकोन, त्यातले बहुतेक काळे. कोणी अजून चांदणी चौकातच अडकलेलं, हॉर्न ऐकू येतात. कोणाच्या मागे कुकरची शिट्टी होते आणि माइक घाईघाईने बंद होतो. घेणाऱ्या बाई समजूतदार आहेत, पण त्यांनी "कोणाला काही सांगायचंय?" असं विचारलं की जी शांतता पडते ती मला फार अंगावर येते. आपल्याच मुलांबद्दल बोलायला जमलेले आपण चाळीस जण आणि एकालाही बोलावंसं वाटत नाही, की वाटतं पण धीर होत नाही? एकदा फक्त एक आजोबा बोलले. त्यांचा कॅमेरा छताकडे वळलेला होता, आम्हाला सगळा वेळ पंखाच दिसत होता. "घरात भांडण झालं की मी खाली बागेत जाऊन बसतो," ते म्हणाले. "हल्ली नातूपण येतो. आम्ही बोलत नाही काही. बसतो." बाई क्षणभर गप्प झाल्या. त्या वर्षातलं मला लख्ख आठवणारं वाक्य तेवढंच.

मी शाळेत होते तेव्हा मूल्यशिक्षण नुकतंच आलं होतं. परिपाठाला प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, बोधकथा; आणि वहीत दहा मूल्यं. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता. आमच्या पिढीला ती पाढ्यांसारखी पाठ आहेत. प्रत्येक मूल्याला एक पान, पानावर एक चित्र चिकटवायचं, खाली माहिती. त्या शनिवारी रात्री झोप येत नव्हती म्हणून मी ती दहा नावं मनातल्या मनात परत म्हटली आणि लक्षात आलं की प्रामाणिकपणा त्या यादीत नव्हता. दोनदा बोटांवर मोजलं. नव्हताच. बहुधा तो वेगळा शिकवायला लागत नाही असं कोणाला वाटलं असेल, किंवा बाकीच्या दहांमध्ये तो धरलेलाच असेल. मला त्या अंधारात तरी तो फार ठळकपणे गळलेला वाटला.

माझ्या वहीतलं संवेदनशीलतेचं पान अजून डोळ्यांसमोर आहे. एका मुलीने जखमी पक्ष्याला ओंजळीत घेतल्याचं चित्र, कडेने स्केचपेनने वेलबुट्टी, खाली लाल शाईत 'उत्तम'. आणि त्याच वर्षी, सातवीत, आम्ही चौघी जणी एका मुलीला रडवत होतो. ती वाचताना अडखळायची. 'र' आला की थांबायची, ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. बाईंनी तिला उभं केलं की आम्ही मागच्या बाकावरून तिच्याबरोबर हळू आवाजात अडखळायचो. बाईंना ऐकू जाणार नाही आणि तिला जाईल, इतक्याच आवाजात. तो आवाज नेमका किती ठेवायचा हे आम्हाला पक्कं जमलं होतं.

बाबा तेव्हा टेल्कोत होते. टाटा मोटर्स हे नाव 2003मध्ये आलं, आमच्या घरात आजही ती टेल्कोच. पिंपरीची पहिली पाळी म्हणजे पहाटे घर सोडायचं, कंपनीच्या बसने जायचं-यायचं. शाळा सदाशिव पेठेत, आम्ही नारायण पेठेत, म्हणजे चालत दहा मिनिटं, पण बाबांनी शाळेची पायरी चढल्याचं मला एकदाच आठवतं. त्या वर्षीची पालकसभा. आईला ताप होता म्हणून ते पाळी संपवून थेट आले, अंगावर निळा गणवेश, हाताला साबणाने न गेलेला ग्रीसचा वास. बाकीच्या आया साड्या बदलून, पावडर लावून आलेल्या. मी त्यांना दारात पाहिलं आणि पाण्याच्या टाकीकडे गेले. तहान लागलेली नव्हती. परत आले तेव्हा त्यांची पाळी आली होती आणि बाई प्रगतिपुस्तक उघडत होत्या. बाबांनी ते हाताने बाजूला केलं. "मार्क मला घरी वाचता येतात बाई," ते म्हणाले. "ही वर्गात कुणाला त्रास देते का, तेवढं सांगा."

बाई थांबल्या.

किती वेळ, ते आज सांगता येणार नाही. वर पंखा फिरत होता, बाहेर कोणीतरी सायकल स्टँडवर लावत होतं, तो खट्ट आवाज आठवतो. मग बाई म्हणाल्या, "नाही हो, गुणी आहे." बाबांनी नमस्कार केला, आम्ही निघालो. लक्ष्मी रस्ता ओलांडेपर्यंत ते काहीच बोलले नाहीत. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई बोलायच्या आधी थांबल्या." पुढे एक शब्द नाही. ना त्या दिवशी, ना नंतर. दुसऱ्या दिवशी 'र' आला तेव्हा मी अडखळले नाही. बाकीच्या तिघी अडखळल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या. मी त्या मुलीची माफी मागितली असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मागितली नाही. दहावीपर्यंत ती दोन बाकं पुढे बसायची, तिच्या वेणीची रिबीन मला पाठ होती, आणि तरी माझ्याकडून तेवढं झालं नाही.

मावशींच्या मुलीची शाळा महापालिकेची. ती आता आठवीत आहे. 2020मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तिसरीत होती. घरात एकच फोन, तो मावशींबरोबर कामावर यायचा, म्हणून अभ्यास रात्री नऊनंतर. कुमठेकर रस्त्यावरच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेतून निघालेला मजकूर व्हॉट्सॲपवर एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर फिरत फिरत त्यांच्या त्या चिरा गेलेल्या फोनवर पोचायचा. सगळ्यात आवडीचा 'गोष्टींचा शनिवार'. मावशींना वाचता येत नाही. मुलगी मोठ्याने वाचायची, त्या भाकऱ्या थापता थापता ऐकायच्या. मध्येच थांबवून विचारायच्या, "मग त्या पोराने असं का केलं?" आणि मुलीला सांगावं लागायचं. हे त्यांनी मला पूर्वी कधीतरी फरशी पुसताना सांगितलं होतं, मी तेव्हा "अरे वा" म्हणून फोनमध्ये परत डोकं घातलं असणार. तो कापलेला हात मनातून जाईना तेव्हा हे सगळं वर आलं. त्या खोलीत जे चालायचं त्याचा फोटो कोणी मागितला नव्हता. स्टारही कोणी दिला नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली ती परवाच, मी मुद्दाम विचारलं म्हणून. शिक्षणहक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका लागतात. कायदा 2009चा, मला तो कागदावर माहीत होता. मावशी त्या समितीत आहेत हे माहीत नव्हतं. सात वर्षं त्या माझ्या घरी येतात. "पहिल्या मीटिंगला मी काही बोलले नाही ताई," त्या म्हणाल्या, "दुसऱ्या मीटिंगला म्हटलं, पोरींच्या संडासाला आतून कडी नाही. एकीने बाहेर उभं राहायचं आणि एकीने जायचं, असं चाललंय." मग? "मग तीन मीटिंगा तेच म्हटलं. बसली कडी." त्यांची मुलगी आता त्या कडीबद्दल वर्गात सांगते, माझ्या आईने लावून घेतली म्हणून. मी पाच वर्षांत माझ्या मुलाच्या शाळेला किती फॉर्म भरून दिले त्याची गणती नाही, पण शाळेत जाऊन एखादी गोष्ट तीनदा म्हटल्याचं मला आठवत नाही.

सोमवारी मी टीचरना फोन केला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. फोटो काढण्यापुरताच झाडू त्याच्या हातात होता, स्टार काढून टाका, एवढंच म्हणाले. पलीकडे त्या जरा वेळ गप्प होत्या. मग त्यांचा आवाज एकदम सैल झाला. "ताई, चव्वेचाळीस फोटो येतात. मला पण कळतं हो. झाडू कोरा असतो, गॅसवर पातेलं असतं आणि खाली ज्योत नसते. पण रात्री अकराला मला शीट भरायची असते, किती पालकांचा प्रतिसाद आला त्याची. फोटो आला की प्रतिसाद आला." त्यांची स्वतःची मुलगी दुसरीत आहे. तिचे फोटो त्यांचे सासरे पाठवतात, कारण त्या वेळी या आमच्या मुलांचे मोजत असतात. मला त्यांना काही सुनवायचं होतं असं नाही, पण जे थोडं मनात होतं तेही त्या वाक्याने विरघळलं. पालकांना सामील करून घ्यायचं म्हणतात, त्याची अर्धी मोजदाद या एका बाईच्या झोपेतून जाते, हे आम्हा कोणाच्या ध्यानात नव्हतं.

त्या दिवशी आम्ही चाळीस मिनिटं बोललो. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात समग्र प्रगतिपत्रकाचा जो भाग आहे तो त्यांनी मला समजावून सांगितला. मूल स्वतः स्वतःबद्दल सांगेल, सोबती त्याच्याबद्दल सांगतील, शिक्षक सांगतील, आणि ते पत्रक घर आणि शाळा यांना जोडणारा दुवा असेल. "वाचायला इतकं छान आहे," त्या म्हणाल्या, "आणि आम्ही त्याचा फोटो करून टाकला." मी म्हटलं, मुलाचं नका विचारू, आम्हाला आमचंच विचारा. तुम्ही लहानपणी कोणाशी वाईट वागलात, तुम्हाला कोणी सावरलं, असं काहीतरी. लिहायला नको, लिहायला बसलो की आम्ही निबंध लिहितो. एक मिनिट बोलून पाठवायचं, आणि मूल शेजारी बसलेलं असताना. त्यांनी मुख्याध्यापकांना विचारून एका पंधरवड्यापुरती परवानगी काढली. ज्यांना टीचरपुरतंच ठेवायचंय त्यांनी तसं सांगायचं, ज्यांची हरकत नाही त्यांचं पालकांच्या ग्रुपवर ऐकवायचं.

चव्वेचाळीसांपैकी नऊ जणांनी पाठवलं. फोटो चव्वेचाळीस यायचे. शीटमध्ये तो पंधरवडा पडलेला दिसत असणार. पण त्या नऊतल्या पाच जणांची हरकत नव्हती, आणि ते पाचही मी ऐकले. एका वडिलांच्या मागे यंत्राचा सलग घरघराट होता, ते रात्रपाळीच्या सुट्टीत बोलत होते, घरून मुलगी फोनवर ऐकत होती. धाकट्या भावाच्या वाटणीचं दूध आपण कसं प्यायचो ते त्यांनी सांगितलं आणि शेवटी नुसतंच, "आता तो नाही." एक आई सांगता सांगता थांबली आणि मागून तिच्या मुलाचा आवाज आला, "मग पुढे?" ते "मग पुढे?" ऐकून मी स्वयंपाकघरातला दिवा बंद केला आणि थोडा वेळ तशीच उभी राहिले.

माझं रेकॉर्डिंग सहा वेळा पुसलं गेलं. दर वेळी मी पाण्याच्या टाकीपाशी अडकत होते. सातव्यांदा मुलगा म्हणाला, "तू आधी मला सांग, मग फोनला सांग." मग त्याला सांगितलं. चौघी जणी, 'र', बाबांचा निळा गणवेश, टाकी, सगळं. त्याने मध्ये एकदाच विचारलं, "आबांना कळलं होतं, तू लपलीस ते?" मी म्हटलं, माहीत नाही. मग त्याला फोटोचंही सांगितलं. हात फ्रेममध्ये बसत होता, मीच कापला. तो म्हणाला, "मला माहितीये."

वारज्याला गेले तेव्हा बाबांना विचारलं. त्यांचं आता बहात्तर चालू आहे, डाव्या कानाने कमी ऐकू येतं. मी सगळी हकिकत सांगितली, बाईंचं थांबणं, लक्ष्मी रस्ता. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "मी? मी कधी आलो होतो तुझ्या शाळेत?" त्यांना काहीच आठवत नव्हतं. उलट त्यांच्या मनात आहे की पाळ्यांच्या नादात पोरीच्या शाळेकडे आपलं लक्षच राहिलं नाही, सगळं तुझ्या आईने केलं. ही खंत त्यांनी बोलून दाखवली आणि मला ती खोडून काढता येईना, कारण ज्या एका दिवसाच्या आधारावर मी खोडणार होते तो त्यांच्याकडे उरलेलाच नव्हता. मी त्यांचा हात धरून बसले. ग्रीसचा वास कधीच गेलाय, आता चंदनाच्या साबणाचा येतो.

घरात फार मोठं काही बदललेलं नाही. शनिवारी सकाळी मुलगा त्याच्या खोलीचा केर काढतो, तेवढंच. पहिल्या शनिवारी मावशींनी त्याला शिकवलं. "दादा, उभ्याने नाही, कमरेत वाक. आतून दाराकडे ये. झाडू उचलू नको, धूळ उडते, फरशीला लावूनच ओढ." तो ओढत आला, पलंगाखालून एक मोजा, दोन खोडरबरं आणि केसांचा एक गुंता निघाला. सुपलीत भरताना शेवटची बारीक धूळ काही केल्या आत जाईना. मावशींनी सुपली जराशी मागे घेतली, पुन्हा लावली, पुन्हा मागे घेतली, आणि दर वेळी राहिलेली रेघ थोडी कमी होत गेली. तो उकिडवा बसून ते बघत होता. माझा फोन चार्जिंगला होता.

काल संध्याकाळी टीचरबरोबर ऑनलाइन भेट होती. आता प्रत्येक पालकाला दहा मिनिटं देतात, आमची वेळ सात चाळीस ते सात पन्नास. मुलगा आतल्या खोलीत होता, दार उघडं. टीचरनी गणिताचे गुण पडद्यावर आणले. मी म्हटलं, "ते मी नंतर बघते टीचर. तो वर्गात कुणाला त्रास देतो का, तेवढं सांगा."

आतल्या खोलीतला आवाज बंद झाला. पडद्यावर टीचरचा चेहरा थांबला होता, ओठ किंचित उघडे. नेटवर्क गेलं होतं की त्याच थांबल्या होत्या, कळायला मार्ग नव्हता. मी माइक चालू आहे ना तेवढं पाहिलं आणि वाट बघत बसले.